येळवशीची रात्र आणि शृंगाश्वातला गुलाब

मार्गशीर्ष अमावास्या म्हणजे आमच्या लातूर-धाराशिवकडची येळवस. दिवसभर अख्खं गाव शेतात असतं. माझ्यासारख्या आकाशाचे फोटो काढणाऱ्याला या सणात आणखी एक गोष्ट दिसते. चंद्र नाही, थंडी आहे, रात्र वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रींपैकी एक, आणि शेतावर राहायला कुणाची हरकत नाही. यंदा मित्राच्या मामांनी धाराशिवच्या वाशी तालुक्यातल्या त्यांच्या रानात येळवशीला बोलावलं, तेव्हा मी विचारलं, "मामा, जेवण झाल्यावर रात्रभर तिथंच थांबलो तर चालेल का?" ते म्हणाले, "थांब की. खोप हाय, पांघरून हाय."

सामान साधंच. जुना घेतलेला कॅनन ६००डी, ज्याच्या सेन्सरपुढचा मूळ फिल्टर काढून घेतला आहे. १३५ मिमीची सॅमयांग लेन्स. ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा हळूहळू फिरवणारा स्टार अ‍ॅडव्हेंचरर ट्रॅकर, जड तिपाई, ओळीने फोटो काढत राहणारा इंटरव्हॅलोमीटर, दोन पॉवर बँक आणि काचेवर दव बसू नये म्हणून लेन्सभोवती गुंडाळायचा ड्यू हीटर. दुर्बीण नाही, ऑटोगायडर नाही.

तो फिल्टर काढण्यामागचं कारण आधी सांगतो. अंधुक तेजोमेघ, म्हणजे ताऱ्यांमधले वायू-धुळीचे ढग, त्यांपैकी बरेचसे हायड्रोजनचे. आतल्या तरुण, अतितप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि पुन्हा जुळताना ६५६.३ नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश देतात. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर चेहऱ्यांचे रंग नीट यावेत म्हणून नेमका हाच लाल बराचसा अडवतो. अंधारात आपल्या डोळ्यांनाही हा रंग जवळजवळ कळत नाही. म्हणून आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून मोठी असलेली गोष्ट डोक्यावर असते आणि आपण खाली उभे राहून ‘काहीच नाही’ म्हणतो. कॅमेऱ्याला हात लावायचा नसेल तर सुरुवात मृगाच्या मोठ्या तेजोमेघापासून किंवा कृत्तिकेपासून करा. कृत्तिकेभोवतीची धूळ ताऱ्यांचा निळा प्रकाश परावर्तित करते, तिथं साधा कॅमेराही भरपूर देतो.

मागच्या हिवाळ्यात मी एक मोठी चूक केली होती. एकाच रात्री पाच लक्ष्यं: मृगाचा तेजोमेघ, अश्वमुख, कॅलिफोर्निया आणि रोझेट हे आणखी तीन तेजोमेघ, आणि कृत्तिका. प्रत्येकाला अर्धा तास. पहिलं आणि शेवटचं बरं आलं, मधल्या तिघांचे नुसते तांबूस डाग. त्या फाइल्सवर मी महिनाभर सॉफ्टवेअरमध्ये झटलो. जो प्रकाश गोळाच झाला नव्हता, तो बाहेर कुठून येणार? या वेळी ठरवलं होतं, एकच लक्ष्य, शृंगाश्व तारकासमूहातला गुलाबासारखा रोझेट, आणि त्याला मिळेल तेवढी रात्र.

लातूरहून मुरूड, ढोकी, येडशी करत महामार्ग धरला, येरमाळ्याच्या पुढे वाशीच्या बाजूला आत शिरलो. हा बालाघाटाचा माळ. लांबच्या कडेला पवनचक्क्या, त्यांचे लाल दिवे रात्रभर लुकलुकतात. डोक्यावरच्या फोटोला त्यांचा त्रास नाही, पण क्षितिजालगतचं काही घ्यायचं असेल तर जागा निवडताना ते दिसतात का पाहून ठेवा.

दुपारी पोहोचलो. कडब्याच्या खोपीत चुन्याने रंगवलेले दगडांचे पाच पांडव, पूजा झालेली. मग भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, खीर आणि मडक्यातली आंबील. पोटभर जेवून ज्वारीच्या कडेला पडलो आणि दोन तास झोप काढली. ही झोप चैन समजू नका. रात्री दोन वाजता डोळे मिटायला लागले की माणूस फोकस तपासत नाही, आणि तिथंच अख्खी रात्र वाया जाते.

उजेड असतानाच तिपाई मांडून ठेवली. ट्रॅकरचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो, म्हणून उत्तरेची बाजू मोकळी हवी, हे इथं फार महत्त्वाचं. ध्रुव जेवढ्या अक्षांशावर आपण, तेवढाच उंच दिसतो. म्हणजे वाशीला साडेअठरा अंश, हात लांब करून धरलेल्या जेमतेम दोन मुठी. युरोप-अमेरिकेत तो छपरांच्या वर असतो, आपल्याकडे एका लिंबाच्या झाडामागे अख्खा झाकला जातो. मी आधी खोपीच्या दक्षिणेला जागा धरली होती. होकायंत्र लावून पाहिलं तर ध्रुव खोपीमागेच येत होता. जागा बदलली.

संध्याकाळी पोरं कडब्याच्या पेटत्या पेंढ्या घेऊन शेताभोवती धावली. आजूबाजूच्या सगळ्या रानांत तेच चाललेलं. बघायला फार सुंदर, पण वारा पडलेला असल्यामुळे धूर जमिनीलगत तसाच राहिला. सव्वासातला पूर्ण अंधार झाला, मृग पूर्वेला वर येऊ लागला, डोक्यावर आकाश स्वच्छ, आणि ध्रुव मात्र धुरात जेमतेम दिसेल असा. ट्रॅकरच्या पोलर स्कोपमधून, म्हणजे ध्रुव बघायच्या छोट्या नळीतून, तो नऊच्या पुढेच नीट सापडला. येळवशीलाच जायचं असेल तर हे दोन तास हिशोबात धरा, किंवा आदल्या रात्री जा. ध्रुव खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन तृतीयांश अंश बाजूला आहे. त्यामुळे ‘ध्रुव मधोमध आला, झालं’ असं करून चालत नाही. पोलर स्कोपच्या वर्तुळावर त्या वेळची त्याची जागा मोबाइलच्या अ‍ॅपवरून बघून घ्यायची. मग तीन मिनिटांचा एक फोटो काढायचा. तारे लांबट आले तर पुन्हा.

रोझेट शोधायला सोपं. मृगातला तांबडा काक्षी पकडा आणि तिथून पूर्वेकडच्या ठळक प्रश्वा ताऱ्याच्या दिशेने जेमतेम एक मूठ सरका. साध्या द्विनेत्रीत तिथं ताऱ्यांचा छोटा पुंजका दिसतो, एनजीसी २२४४. तेजोमेघ त्याच्याभोवतीच आहे. अंतर सुमारे पाच हजार प्रकाशवर्षे, व्याप शंभराहून अधिक प्रकाशवर्षे, आणि मधला वायू या पुंजक्यातल्या ताऱ्यांच्या वाऱ्यांनी बाहेर लोटून पोकळी केलेली. गुलाबाचा आकार त्यामुळेच. १३५ मिमीला माझ्या कॅमेऱ्यावर चौकट साधारण साडेनऊ अंश बाय सव्वासहा अंशांची होते. त्यात रोझेट लहान दिसतो, पण आजूबाजूचे काळे धुळीचे पट्टेही येतात, आणि मला तेच आवडतं.

एफ २.८, आयएसओ ८००, प्रत्येक फोटो ९० सेकंदांचा. हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डावी कडा सोडून पाव भागापर्यंत आला की पुरे. ट्रॅकर नसेल तर हे जमणार नाही. या लेन्सवर तारा एका सेकंदात दोन पिक्सेलहून जास्त सरकतो. ट्रॅकर नसलेल्यांनी ५० मिमी लेन्स उघडी ठेवून सहा-सहा सेकंदांचे शेकडो फोटो काढावेत. मृगाचा तेजोमेघ त्यातही येतो, मी पहिला तसाच काढला होता.

साडेनऊला पहिला फोटो. दहाला शेतीची लाईट आली. आमच्याकडे मोटारीची थ्री फेज लाईट रात्री येते तेव्हा माणसं रात्रीच पाणी द्यायला जातात, हे शहरातून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. मामा हरभऱ्याला पाणी लावायला उठले, हातात मोठी बॅटरी. मी तिच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद रबराने लावून दिला. विहिरीजवळच्या शेडचा एलईडी दिवा त्यांनी स्वतःहूनच काढून ठेवला. मग जवळ येऊन विचारलं, "आभाळाचा फोटू काढलालास व्हय? दिसतंय का काय?" मी स्क्रीनवर एक फोटो दाखवला. नुसते तारे. "मामा, एकात काही दिसत नाही. दीडशे एकावर एक ठेवले की दिसेल." ते थोडा वेळ बघत राहिले. "म्हंजी थेंब थेंब पाणी," म्हणाले आणि दाऱ्याकडे गेले.

नेमकं तसंच आहे. एका फोटोत तेजोमेघाचा प्रकाश आणि कॅमेऱ्याची खरखर दोन्ही मिसळलेली असतात. फोटो एकावर एक रचले की प्रकाश फोटोंच्या संख्येइतका वाढतो, खरखर मात्र संख्येच्या वर्गमुळाइतकीच. चित्र दुप्पट स्वच्छ हवं तर चौपट वेळ द्यावा लागतो. तुटपुंज्या सामानावर आपल्या हातात खरोखर वाढवता येण्यासारखी गोष्ट एकच, वेळ. म्हणूनच पाच लक्ष्यांत रात्र वाटणं मला आता पटत नाही.

साडेअकराला तपासणी केली तेव्हा तारे फुगलेले दिसले. गारठा वाढला तसा लेन्सचा फोकस सरकला होता. मागे जाऊन पाहिलं तर २९ फोटो गेले होते. मी रात्रीच्या सुरुवातीला बाह्टिनोव्ह मास्क (फोकस नेमका करायची जाळी) लावून फोकस केला, चिकटपट्टीने रिंग बांधली आणि निर्धास्त झालो, तिथं चुकलो. आता दर वीस फोटोंनी मास्क लावून बघतो. त्याच थांब्यात कॅमेऱ्याची चौकट किंचित सरकवतो, म्हणजे सेन्सरचे तेच ते ठिपके एका जागी साठत नाहीत.

मध्यरात्रीनंतर रोझेट जवळजवळ डोक्यावर होता, ७६ अंशांवर. तिथं मधला हवेचा थर सर्वांत पातळ, म्हणून आपल्या लक्ष्याची ही वेळ आधी बघून तीच कामाला धरायची. गवत दवाने भिजलेलं, कॅमेऱ्याच्या पिशवीवर पाणी, पण ड्यू हीटरमुळे काच कोरडी राहिली. पहिली बॅटरी एकच्या सुमारास संपली. थंडीत त्या लवकर संपतात. तीन न्या, आणि वापरायच्या आधी खिशात, अंगाजवळ ठेवा.

एकूण १६० फोटो झाले, २९ वजा जाता १३१. म्हणजे सव्वातीन तासांहून थोडं जास्त. मग लेन्सला टोपी लावून तेवढ्याच सेकंदांचे ३० डार्क, म्हणजे सेन्सरची स्वतःची खरखर वजा करायला लागणारे काळे फोटो, घेतले. हे घरी नंतर काढू म्हणू नका, तापमान तेच हवं.

उरलेला वेळ दक्षिणेसाठी ठेवला होता. अगस्त्य लखलखीत होता. मराठवाड्यातून नौकेचा तेजोमेघ, एनजीसी ३३७२, सर्वांत वर येतो तेव्हाही क्षितिजापासून साडेअकरा अंशांवरच, पहाटे साडेचारच्या पुढे. वाशीच्या दक्षिणेला बार्शीचा उजेड पिवळट चढलेला होता, त्यात तो बुडाला. त्याला गाठायचं तर दक्षिणेला मोठं गाव नसलेली जागा हवी. पण लंडनहून किंवा न्यूयॉर्कहून तो कधी उगवतच नाही, आपल्याला निदान प्रयत्न करता येतो.

उजाडताना पांढरा बनियन लेन्सवर ताणून धरून फ्लॅट, म्हणजे नुसत्या एकसारख्या उजेडाचे फोटो, घेतले. लेन्सच्या कडांचा काळपटपणा आणि धुळीचे डाग त्यांनी जातात. न घेतले तर अंधुक तेजोमेघ आणि लेन्सची सावली यांतला फरकच कळत नाही.

जागेबद्दल थोडं. एकटं जाऊ नका. रानडुकरं असतात, काही भागात बिबट्याचा वावर असतो. त्याहून महत्त्वाचं, पाण्याच्या मोटारी आणि केबल चोरीला जातात म्हणून रात्री अनोळखी माणूस दिसला की गाव सावध होतं, आणि ते बरोबरच आहे. पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा, ओळखीच्या माणसाच्या रानातच थांबा. अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय रात्री शिरू नका. फेब्रुवारी उलटला की हवेत धूळ वाढते, तेव्हा कार्तिक ते पौष या तीन अमावास्या हाताशी धरा.

घरी आल्यावर सगळं सिरिल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये रचलं. ते फुकट आहे आणि पुरेसं आहे. पहिल्यांदा पडद्यावर करडा चौकोन आला, खालच्या कोपऱ्यात उजेडाचा चढ. तो चढ वजा केला, हळूहळू ताण देत अंधुक भाग उजळवला, आणि गुलाब उमलला. मागच्या वर्षीच्या डागाच्या जागी पाकळ्या, मधली पोकळी, आणि त्यावर काळ्या धुळीच्या गाठींची एक बारीक रांग. अर्ध्या तासाच्या मानाने खरखर अडीच पटीने कमी होती, आणि ती रांग त्या फरकातूनच बाहेर आली.

फोटो मामांना मोबाइलवर पाठवला आणि फोन केला. "हे त्या रात्री तुमच्या खोपीच्या बरोबर वर होतं, मामा." पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "आन् आमी खाली पाणी देलालो." पौषातल्या अमावास्येला हुरडा येतो, तेव्हा ये म्हणाले. शेडचा दिवा दिवसाच काढून ठेवतील. या खेपेला अश्वमुख, आणि पुन्हा एकच.