पुढचा डावा कोपरा का बसतो ते सापडलं, आता १६६ चं काय करायचं?

मंडळी, माझी मर्सिडीज एमएल उभ्या उभ्या पुढून डावीकडे का बसते असं मागच्या पोस्टमध्ये विचारलं होतं, ती गळती सापडली! व्हॉल्व्ह ब्लॉक (चारही चाकांना हवा वाटणारा) नाही, नळी नाही, कंप्रेसर तर अजिबातच नाही. पुढचा डावा स्ट्रटच (शॉक अब्सॉर्बर आणि हवेची पिशवी मिळून चाकावरचा एकच भाग) निघाला, आणि तो अशा जागी फुसफुसत होता की साबणाचं पाणी मारमारून पण काही दिसत नव्हतं. मागच्या वेळी ज्यांनी छातीठोकपणे "स्ट्रटच" सांगितलं होतं त्यांना सलाम, आणि ज्यांनी "विकून टाक, १६६ घे" सांगितलं त्यांच्यासाठी खाली वेगळं प्रकरण आहे.

लक्षात नसेल त्यांच्यासाठी: गाडी एमएलची डब्ल्यू१६४ पिढी, ३२० सीडीआय डिझेल, एअरमॅटिकवाली, म्हणजे स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेच्या सस्पेन्शनवर. नजर तिच्या पुढच्या पिढीच्या, डब्ल्यू१६६ च्या ३५० ब्लूटेक डिझेलवर.

तर गार रात्रीनंतर सकाळी गाडी पुढून डावीकडे बसलेली, कधीकधी सगळीच बसलेली, आणि हवा गरम असली की मात्र आठवडाभर ताठ उभी. गॅरेजवाल्याचं एकच पालुपद, कंप्रेसर गेला. अरे पण कंप्रेसर गेला तर गाडी वर यायला वेळ लागेल, बंद उभी असताना एकाच कोपऱ्यात का बसेल? खरं तर होतं उलटं, स्ट्रट गळतो म्हणून कंप्रेसर जास्त वेळ चालतो, तापतो, थर्मल प्रोटेक्शन त्याला बंद करतं आणि मग स्क्रीनवर जी एरर येते ती बघून लोक कंप्रेसरच बदलतात. नवा पण थोड्या दिवसांनी त्याच वाटेने जातो. (बदलायची वेळ आलीच तर रिले सोबत बदला, चिकटलेला रिले कंप्रेसरला थांबूच देत नाही.)

सगळी गाडी का बसते हे कळलं तिथून खरी सुरुवात झाली. गाडी बंद केल्यावरही कंट्रोल युनिट मधूनमधून जागं होऊन लेव्हल सारखी करतं, म्हणजे एक कोपरा खाली गेला की ते बाकीच्यांची हवा सोडून त्यांनाही खाली आणतं. सकाळी आपण बघतो तेव्हा चोर कोण आणि साव कोण काही कळत नाही. उपाय सोपा, रात्री एअरमॅटिकचा फ्यूज काढून ठेवायचा आणि चारही चाकांना टेपने माप घ्यायचं. माप चाकाच्या मधल्या कॅपपासून फेंडरच्या कडेपर्यंत घ्या, जमिनीपासून नको, टायरची हवा आणि झीज सगळा घोळ करते. फ्यूज काढल्यावर फक्त डावा पुढचा उतरला, बाकी तिघं जागच्या जागी. अर्धी लढाई तिथेच जिंकली.

आता स्ट्रट की ब्लॉक? ब्लॉकला चार चाकांच्या नळ्या, एक टाकीची, एक कंप्रेसरची, आणि आतला एखादा व्हॉल्व्ह नीट बसला नाही तरी लक्षण हेच दिसतं. म्हणून डाव्या स्ट्रटची नळी ब्लॉकपासून सोडवली, तिला टायरसारखा वाल्व आणि प्रेशर गेज जोडला आणि बाहेरून पंपाने हवा भरली. म्हणजे ब्लॉक पूर्ण बाजूला. सकाळी गेजचा काटा खाली. ब्लॉक निर्दोष सुटला! (हे करताना बॉडीखाली जॅकस्टँड हवाच, फक्त हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही.)

पण तरी बुडबुडे कुठेच नाहीत. वरच्या फिटिंगला नाहीत, नॉर्मल लेव्हलला नाहीत, गाडी उंच केली तरी नाहीत. इथे डोकं फिरायची वेळ आली होती. मग ट्यूब पेटली की हवेची रबरी पिशवी खाली पिस्टनवर उलटी दुमडते, मोज्याची कड दुमडतो तशी, आणि गाडी वरखाली झाली की ती घडी सरकते. चीर जर घडीच्याच जागी असेल तर ती एका ठराविक उंचीलाच उघडणार. डस्ट बूटचा क्लॅम्प काढून बूट खाली सरकवला, गाडी खालच्या लेव्हलला आणली, तिथेच रात्रभर गार होऊ दिली आणि पहाटे स्प्रे मारला. फेस! बारीक, पण एका सरळ रेषेत, घडीवरच. गारठ्यात रबर कडक होतं म्हणून रात्री गळायचं आणि दुपारी सगळं आलबेल. तो फेस बघून जो आनंद झाला तो घरच्यांना समजावता येत नाही, तुम्हाला समजेल.

स्ट्रटबद्दल माझं मत ठाम आहे. पुढचे दोन्ही एकदम, आणि बिलस्टाइन. स्वस्तातला बिननावाचा सेट आधी एका मित्राच्या गाडीला लावून बघितलाय, एडीएसची (शॉक अब्सॉर्बरचा कडकपणा आपोआप बदलणारी यंत्रणा) वायरच नव्हती त्याला, डॅशबोर्डवर कायमची वॉर्निंग. घेताना एडीएसवाला की बिनएडीएस हे पार्ट नंबरवरून तपासा. आणि बसवल्यावर आधी हवा भरा, मगच गाडीचं वजन टाका, रिकाम्या पिशवीवर वजन आलं की ती चिमटते आणि नवीन स्ट्रट पहिल्याच दिवशी जुना होतो. शेवटी झेंट्रीवर (मर्सिडीजचं स्वतःचं तपासणी सॉफ्टवेअर) लेव्हल कॅलिब्रेशन. साधा ओबीडी रीडर इथे कामाचा नाही, त्याला एअरमॅटिक दिसतच नाही.

आता १६६. कागदावर मोह जबरदस्त आहे, २२४ च्या जागी २५८ हॉर्सपॉवर, ५१० च्या जागी ६२० न्यूटन मीटर, केबिन शांत, मोठी स्क्रीन (घरच्यांचं मत या एका मुद्द्यावर पक्कं झालंय). पण खाली वाकून बघितलं तर तेच २९८७ सीसीचं ओएम६४२ इंजिन, तोच सात गिअरचा बॉक्स सुधारून दिलेला, व्हीलबेस पण तोच २९१५ मिलिमीटर. माझ्या गाडीचे ऑइल कूलरचे सील बदलून झालेत. इंजिनच्या व्हीमध्ये, टर्बोच्या खाली, सील चार पैशाचे आणि मजुरी डोळे पांढरे करणारी, ते जांभळे व्हायटॉनवाले (उष्णता सोसणारं रबर) बसवलेत. गिअरबॉक्सची कंडक्टर प्लेट (आतली इलेक्ट्रॉनिक पट्टी) पण बदलून झाली. आता स्ट्रट होतील. म्हणजे या इंजिन-बॉक्सच्या ठरलेल्या आजारांपैकी मोठे आजार मी भोगून संपवलेत, आणि १६६ मध्ये ते कुठल्या टप्प्यावर आहेत ते मला कोण सांगणार? वर ॲडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं द्रावण. त्या टाकीचा हीटर, नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा), आणि बिघडलं की स्क्रीनवर "इतकेच स्टार्ट शिल्लक" अशी उलटी मोजणी. डिझेलवाल्याला स्वतःच्याच गाडीने दिलेली ही धमकी मला अजून पचत नाही.

जी १६६ बघितली ती विकणाऱ्याला आधीच सांगितलं होतं की मी येईपर्यंत चालू करू नका. पोचलो तर बॉनेट कोमट! म्हणजे चालू करून झालेली, आता कुठला कोपरा बसलाय ते टेपने मोजायचा काही अर्थच उरला नाही. तरी स्कॅन केला, डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) राख बरीच वर गेलेली. राख काजळीसारखी रिजनरेशनमध्ये (फिल्टर तापवून साफ करताना) जळून जात नाही, ती साठतच जाते, त्यामुळे तो आकडा गाडीचं खरं वय सांगतो. ओडोमीटरशी त्याचा मेळ बसत नव्हता. नमस्कार केला आणि निघालो.

इथपर्यंत लिहून निकाल "आहे तीच ठेवायची" असाच लागत होता. पण लिहिता लिहिता एक डोक्यात आलं, १६६ स्टीलच्या स्प्रिंगवर पण मिळायची की! एअरमॅटिक ऑप्शन होता. म्हणजे ज्या गोष्टीने मला इतकं छळलं ती मुळातच नसलेली १६६ शोधता येईल. आतापर्यंत असल्या जाहिराती मी "गरीब मॉडेल" म्हणून पुढे ढकलत होतो. आणि २०१५ च्या फेसलिफ्टनंतरची, म्हणजे जीएलई नाव झाल्यावरची ३५० डी घेतली तर नऊ गिअरचा बॉक्स पण मिळतो, ॲडब्लूचा त्रास मात्र तिथेही आहेच.

तर बदललेला बेत असा. स्ट्रटची ऑर्डर जाणार, गाडी विकायची असो की ठेवायची, डावीकडे झुकलेली गाडी बघायला कोणी येत नाही. दुसरी गाडी घाईने शोधणार नाही, पण स्टील स्प्रिंग, सर्व्हिसचा सगळा इतिहास आणि राखेचा आकडा ओडोमीटरशी जुळणारी १६६ किंवा जीएलई दिसली तर बघायला नक्की जाणार. या तिन्हीतलं एक जरी नसलं तरी जाणार नाही.

एकच अडचण आहे, स्टील स्प्रिंगवाली १६६ मी कधी चालवलेली नाही. मोठ्या चाकांवर खराब रस्त्याला ती किती आदळते हे ज्यांनी दोन्ही चालवल्यात त्यांनी सांगा, टायरची साइझ पण लिहा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. एअरमॅटिकवाल्यांनी फक्त "एअरमॅटिक ती एअरमॅटिकच" असं लिहू नका, ते मला पण माहितीये.