हो, अजून चालू आहेत

माझ्या दुखण्यावरच्या गोळ्या अजून चालू आहेत का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एकट्या तुम्हीच नव्हे, सगळ्यांनीच विचारून झालंय. धाकटा भाऊ फोन ठेवता ठेवता विचारतो, "ताई, त्या गोळ्या अजून चालूच?" शाळेत कुणीतरी आवाज खाली आणून विचारतं, "सवय नाही ना लागली?" मामी तर सरळ नशेच्या गोळ्याच म्हणते. आजवर मी "डॉक्टरांनी दिल्यात" एवढंच म्हणत आले. खरं तर ते उत्तर नव्हतंच, तोंडावर दार लावून घेणं होतं.

माझं मणक्यातल्या डिस्कचं ऑपरेशन आणि त्यानंतरही डाव्या पायातून न गेलेली कळ, हे पुराण तुम्हाला पाठ आहे. गोळी ट्रॅमाडॉलची. ५० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, चार वर्षं. ओपिओइड, म्हणजे अफूतून निघणाऱ्या मॉर्फिनच्या भावकीतली. जरा लांबची आणि सौम्य, पण भावकीतलीच.

त्याआधी दोन वर्षं मी 'साधी' पेनकिलर घेत होते, डायक्लोफिनॅक. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एका सकाळी शौचाला डांबरासारखं काळं झालं. जठरात अल्सर होऊन त्यातून रक्त जात होतं. दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं. भेटायला आलेल्यांपैकी एकानेही विचारलं नाही की, अगं, एवढी सवय कशी लागली? त्या गोळीने माझा जीव जायचा बाकी होता, तरी ती साधी. मग प्रीगॅबालिन झालं. नसेच्या दुखण्यावर ते अनेकांना लागू पडतं, पण माझे शब्द हरवायला लागले. भूमितीच्या तासाला फळ्यासमोर उभी राहिले आणि 'कर्ण' हा शब्द आठवेना. मुलांना वाटलं, बाई परीक्षा घेताहेत.

ट्रॅमाडॉलने दुखणं गेलं नाही, हे आधी नीट ऐका. दुखणं खोलीतच असतं, फक्त कोपऱ्यात जाऊन बसतं. मी चाळीस मिनिटं उभी राहून शिकवू शकते, रात्री सलग चार तास झोपते. कमाई एवढीच. डोकं तरंगतं वगैरे काही होत नाही. (इथे मी थोडं खोटं बोलले आहे. येईन त्यावर.)

किंमतही मोजतेय. पहिल्या आठवड्यातली मळमळ अंगवळणी पडली, बद्धकोष्ठता नाही पडली. आतड्यांना या औषधाची सवयच होत नाही, त्यामुळे चार वर्षं रोज रात्री रेचक. घाम येतो. पाळी बिघडली, डॉक्टर म्हणाले, वयामुळे असेल किंवा गोळीमुळे, ही औषधं हार्मोन्समध्येही ढवळाढवळ करतात. झोपेची गोळी मागितली तर साफ नकार मिळाला. ओपिओइड श्वास मंदावतं, त्यावर झोपेची गोळी किंवा दारू पडली की माणूस झोपेत श्वास घ्यायचाच थांबू शकतो. हे ऐकल्यावर पुढचे काही आठवडे नवरा रात्री उठून माझ्या नाकाशी बोट धरत होता. मला जाग यायची, पण मी डोळे उघडले नाहीत.

आणि हो, ज्या मैत्रिणीने सर्वांत जास्त काळजी दाखवली, तिनेच मान आखडल्यावर विचारलं, "तुझ्यातली एक देतेस का?" नाही दिली. ती नैराश्यावरच्या गोळ्या घेते. त्यांच्या जोडीला ट्रॅमाडॉल म्हणजे शरीरात सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा उद्रेक होऊ शकतो, झटकेही येऊ शकतात. शिवाय या गोळीचा बराचसा असर यकृतात तिचं रूपांतर झाल्यावर येतो, आणि ते काम करणारं एन्झाइम काहींचं आळशी असतं, तर काहींचं भलतंच तडफदार. एकाला जी गोळी काहीच करत नाही ती दुसऱ्याला आडवं करते. हे सगळं मी तिला समजावलं. तिला वाटलं, मी जपून ठेवतेय.

भावाशी माझी लढाई आकड्यांची. मी त्याला सुनवायचे की दवाखान्यात ओपिओइड दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागलं, छापून आलंय! छापून आलं होतं, हे खरं. १९८० साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात, संपादकांना लिहिलेलं पाच वाक्यांचं पत्र म्हणून. ते रुग्ण दवाखान्यात होते, काहींना तर एकच डोस मिळाला असेल. घरी वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं, आणि तरी लोक अनेक वर्षं त्याचाच आधार देत राहिले. मीसुद्धा दिला. गणित शिकवणाऱ्या बाईने छेद न बघता अपूर्णांक वापरला.

भावाचा आकडा २०१८ च्या एका अभ्यासाचा. पाठ, खुबा किंवा गुडघ्याच्या जुन्या दुखण्याचे २४० रुग्ण, निम्म्यांना ओपिओइड, निम्म्यांना इतर औषधं, बारा महिने. कामं करण्याच्या क्षमतेत ओपिओइडवाले पुढे नव्हते. वेदनेत उलट किंचित मागेच होते, आणि दुष्परिणाम जास्त. मी म्हणाले, माझं दुखणं नसेचं आहे, तो अभ्यास मला लागू नाही. पण असं म्हणणारी मी काही पहिली नसेन.

तर मागच्या मोठ्या सुट्टीत तो म्हणाला, "चार दिवस न घेता राहून दाखव. मग मी कायमचा गप्प." मी सगळ्या स्ट्रिप्स नवऱ्याच्या हातात दिल्या. त्याने कपाटात ठेवून कुलूप लावलं. डॉक्टरांना विचारलं नाही, कारण ते नाही म्हणणार हे मला ठाऊक होतं.

पहिला दिवस बरा गेला. पाय दुखला, पण मी मनातल्या मनात भाषण तयार करत होते. संध्याकाळी जांभया सुरू झाल्या, एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. नाक वाहायला लागलं. दुसऱ्या दिवशी अंगावर काटा येई आणि तसाच राही, पांघरूण टोचे. चार वर्षं रेचकावर चाललेलं पोट दिवसभर रिकामं होत राहिलं, आणि त्याचं मला हसू येऊन लगेच रडू आलं. नजर एकीकडून दुसरीकडे वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका. पाय क्षणभर स्थिर ठेववेनात. मी घरभर चालत होते. डाव्या पायाला चालवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं.

तिसऱ्या रात्री डाव्या पायात कमरेपासून अंगठ्यापर्यंत कुणीतरी तार ओढत होतं. आणि मग उजवा पायही दुखायला लागला. माझा उजवा पाय कधीच दुखला नव्हता, ऑपरेशनआधीही नाही. मी भिंतीला धरून उभी होते आणि मला कळेना, हा का दुखतोय?

तीन वाजता मी किल्ली मागितली. नवरा म्हणाला, "सकाळपर्यंत थांब, तूच सांगितलं होतंस." मी त्याला जे बोलले ते इथे लिहिणार नाही. वीस वर्षांच्या संसारात तसं कधी बोलले नव्हते. त्याने किल्ली माझ्या हातात न देता पलंगावर ठेवली आणि तो दुसऱ्या खोलीत गेला.

गोळी घेतल्यावर तासाच्या आत सगळं निवलं. नाक, पोट, काटा, डावा पाय. आणि उजवाही. बरं वाटण्याऐवजी मी गार पडले, ते त्या उजव्या पायाने. त्यात आजार नव्हता, तरी तो दुखला आणि गोळीने थांबला. मग रोज दुपारी डाव्या पायात जी कळ उठते आणि गोळीने थांबते, तिच्यातली डिस्कची किती आणि उतरलेल्या गोळीची किती?

डॉक्टर चिडले. अशी एका झटक्यात बंद करतात का, म्हणाले. मग समजावलं की शरीर गोळीवर अवलंबून होणं वेगळं, ते नियमित घेणाऱ्या कुणाचंही होतं. व्यसन म्हणजे ओढ लागणं, ताबा सुटणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं. मला ऐकून हायसं वाटलं. मग मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते. वर जे खोटं बोलले ते हेच. त्याआधीच्या वर्षात सहा वेळा मी चौथी गोळी घेतली होती. पहिल्यांदा घेतली त्या दिवशी शाळेत सगळ्यांसमोर माझा अपमान झाला होता. पाय दुखत नव्हता. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने अपमान कुणा दुसरीचा झाल्यासारखा वाटला. उरलेल्या पाच वेळांची कारणं याहून लहान होती.

ते ओरडले नाहीत. त्या दिवसापासून दोन आठवड्यांच्याच गोळ्या लिहून देतात, आणि आम्ही डोस हळूहळू, महिन्यामहिन्याने उतरवतोय. १५० वरून १०० वर आलेय. काही दिवस दुखणं १५० वर होतं तेवढंच असतं, आणि मग चार वर्षांचा राग येतो. काही दिवस तास अर्ध्यावर सोडून खुर्चीत बसावं लागतं, आणि मग भावाचा. शून्यावर जाणार का, असं विचाराल तर डॉक्टरही हो म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही.

किल्ली अजून नवऱ्याकडेच असते. रोज सकाळी तो गोळी काढून देईपर्यंत मी पलंगाच्या कडेला बसून उजवा पाय गुडघ्यात वाकवते, सरळ करते, आणि दुखतोय का ते बघते.