पंचवीस हजारांतली इलेक्ट्रिक गिटार : सांगलीहून नोंदी

जून

रक्कम ठरली आहे, पंचवीस हजार. त्यात गिटार, ॲम्प किंवा त्याला पर्याय, केबल, बॅग, तारांचे दोन-तीन जादा संच आणि सेटअपचा (गिटार वाजवायला नीट जुळवून घेण्याचा) खर्च असं सगळं बसवायचं आहे. अकौस्टिकवर काही वर्षं काढल्यामुळे बारे कॉर्ड व्यवस्थित वाजतात, पण आता मला लीड (कॉर्डऐवजी एकेका स्वराची धून) शिकायचंय, आणि अकौस्टिकच्या जाड तारांवर पूर्ण स्वराचा बेंड (तार बोटाने ढकलून स्वर चढवणं) माझ्या बोटांना झेपत नाही. म्हणून इलेक्ट्रिक.

यादीत आत्ता यामाहा पॅसिफिका 012 आणि 112, स्क्वायरची टेलिकास्टर, आयबानेझची जिओ, कॉर्टची एक्स मालिका आणि एपिफोनची एसजी आहे. यातली कुठलीही वाईट नाही, हे आधीच लिहून ठेवते. या किमतीच्या बऱ्याच गिटार इंडोनेशियात बनतात. कॉर्टची मूळ कंपनी कॉर-टेक तर इतर मोठ्या ब्रँडसाठीही गिटार बनवून देते. तेव्हा हेडस्टॉकवरच्या (मानेच्या टोकाच्या खुंट्यांच्या भागावरच्या) नावापेक्षा हातात आलेला नग कसा आहे, हे बघणं जास्त गरजेचं आहे.

आमच्या सराव ग्रुपमध्ये यादी टाकल्याबरोबर लाकूड आणि पिकअप (तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) यांवर चर्चा सुरू झाली. माझं मत त्या चर्चेत पक्कं झालं: या बजेटमध्ये पैसे मानेसाठी मोजायचे. पिकअप पुढे बदलता येतो, खुंट्या बदलता येतात, पॉट (नॉबखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग) आणि स्विच तर दीड-दोनशे रुपयांत बदलतात. मान पिळलेली असेल किंवा फ्रेट (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) उंच-सखल बसले असतील, तर त्याचा खर्च गिटारच्या निम्म्या किमतीपर्यंत जातो आणि करणारा माणूस जवळपास मिळतोच असं नाही.

जूनअखेर

लहान हातांना कुठली गिटार बरी, हा प्रश्न मला फार छळत होता. गिब्सन घराण्याची, म्हणजे एपिफोन एसजी वगैरेंची स्केल पावणेपंचवीस इंच. (स्केल म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात तो नट आणि बॉडीवर त्या जिथे टेकतात तो ब्रिज, यांमधली तारेची लांबी.) फेंडर घराण्याची, पॅसिफिका आणि जिओचीही, साडेपंचवीस. सगळे सांगतात, छोटी स्केल घे. मी कागदावर हिशेब मांडला. पहिल्या फ्रेटची रुंदी मोठ्या स्केलवर साधारण 36.4 मिलिमीटर येते आणि छोट्या स्केलवर 35.3. फरक जेमतेम एक मिलिमीटरचा. तोच स्वर आणि तीच तार धरली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे छोट्या स्केलवर तो सुमारे 6 टक्के कमी.

आता तारेची जाडी बघा. ताण जाडीच्याही वर्गाच्या प्रमाणात बदलतो. पहिली तार 10 ऐवजी 9 ची (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) लावली, तर 19 टक्क्यांनी ताण उतरतो. स्केलच्या फरकाच्या तिप्पट, आणि खर्च फक्त एका तारसंचाचा! हा हिशेब झाल्यावर स्केलवरून कुठलीच गिटार बाद करायची नाही असं ठरवलं. नटपाशी मानेची रुंदी मात्र मी बघणार आहे: पॅसिफिकाची 41 मिलिमीटर, स्क्वायरची 42. माझा अंगठा वरून तारेपर्यंत पोचतो की नाही, हे त्या एका मिलिमीटरवर ठरतं.

जुलै, पुणे

सांगली-मिरजेत वाद्यांची दुकानं आहेत, पण हार्मोनियम, तबला, अकौस्टिक यांच्यामध्ये इलेक्ट्रिक एखाद-दुसरीच टांगलेली असते. चार-पाच मॉडेल शेजारी ठेवून बघायची, तर कोल्हापूर किंवा पुणं गाठावं लागतं. सकाळची एसटी पकडून स्वारगेटला उतरले. पाऊस होता, शनिवार टाळला होता, त्यामुळे दुकानात गर्दी नव्हती आणि दुकानदार काकांनी हवा तेवढा वेळ दिला.

माझा क्रम असा होता. आधी ॲम्प नाहीच. गिटार उचलायची, बॉडीच्या बाजूने डोळा लावून मानेवरून हेडस्टॉककडे बघायचं. दोन्ही कडा सरळ आणि एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. मग तळहात मानेच्या कडेवरून खालपर्यंत ओढायचा. फ्रेटची टोकं टोचली की त्या नगावर फुली. त्यानंतर सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघायची. तिथे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट हवी. फटच नसेल किंवा खूप असेल तर ट्रस रॉड (मानेतली धातूची सळई) फिरवून सुधारतं, पण रॉड फिरतो की नाही हे दुकानातच करून बघायला सांगायचं. शेवटी पहिल्या दोन तारांवर बाराव्या फ्रेटपासून वर प्रत्येक फ्रेटवर पूर्ण स्वराचा बेंड. मध्येच स्वर गुदमरला, तर पुढचा कुठला तरी फ्रेट उंच आहे.

हे सगळं झाल्यावरच केबल लावायची. क्लीन आवाज, डिस्टॉर्शन शून्य. स्विचच्या सगळ्या पोझिशन ऐकायच्या, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण फिरवून खरखर येते का बघायचं. डिस्टॉर्शनखाली कुठलीही गिटार दमदार वाटते, म्हणून ते मी अगदी शेवटी पाच मिनिटांसाठी लावलं.

त्या दिवशी सगळ्यात शिकवणारी गोष्ट घडली ती एकाच मॉडेलच्या दोन नगांत. रंग वेगळा, बाकी सगळं सारखं. एकाचे फ्रेट हाताला रेशमासारखे लागले, दुसऱ्याच्या चौदाव्या फ्रेटवर बेंड गुदमरत होता. म्हणून ऑनलाइन स्वस्त मिळत असली तरी परत घेण्याची सोय नीट वाचल्याशिवाय मागवू नका.

टेलिकास्टरने मला खूप मोह घातला. 1950 सालचं ते डिझाइन अजूनही इतकं साधं आणि सुटसुटीत आहे की हातात घेतल्यावर खाली ठेववत नाही. ब्रिज स्थिर असल्याने ट्यूनिंगही टिकतं. पण सिंगल कॉइलचा (एकाच वेटोळ्याच्या पिकअपचा) घूं आवाज हा माझा घरचा प्रश्न आहे. आमचं वायरिंग जुनं आहे आणि वीज गेली की इन्व्हर्टर चालू होतो, त्या वेळी सिंगल कॉइल फार कुरकुरते. हंबकरमध्ये दोन कॉइल उलट्या गुंडाळलेल्या आणि उलट चुंबकीय दिशेच्या असतात, त्यामुळे तारेचा स्वर बेरजेत येतो आणि घूं वजा होतो. पॅसिफिकाला ब्रिजपाशी हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल, म्हणजे दोन्ही चवी. (घूं येत असेल आणि तारांना हात लावल्यावर कमी होत असेल, तर गिटार बिघडलेली नाही, तारा ब्रिजमधून अर्थशी जोडलेल्या असतात. हात लावल्यावर आवाज वाढला तर मात्र घरातलं अर्थिंग आणि गिटारचं वायरिंग दोन्ही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.)

112 मध्ये बॉडीला आल्डर लाकूड आहे आणि 112 व्ही मध्ये टोनचा नॉब ओढला की हंबकर अर्धा होऊन सिंगल कॉइलसारखा वाजतो. छान आहे, पण ती घेतली असती तर ॲम्प आणि सेटअपला काही उरलं नसतं. मान दोन्हींची मला हातात सारखीच वाटली. पॅसिफिका 012 घेतली, काळी, वीस हजारांच्या आसपास. उरलेल्यात हेडफोनचा छोटा ॲम्प, बरी केबल आणि 9 चे तारसंच आले. हेडफोनमुळे रात्री दहानंतरही सराव चालतो, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

पाठीला दोन पट्टे असलेली जाड बॅग मुद्दाम घेतली. मी गावभागात राहते. 2019 आणि 2021 चे पूर बघितलेत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की आमच्याकडे सामान वर न्यायला सुरुवात होते. तेव्हा दोन्ही हात मोकळे पाहिजेत.

ऑगस्ट, मिरज

नवी गिटार कारखान्यातून येते तेव्हा नटच्या खाचा बहुतेक वेळा उंच ठेवलेल्या असतात. माझीही तशीच होती: ओपन कॉर्ड किंचित चढे लागत होते, कारण पहिल्या फ्रेटवर तार दाबताना ती जास्त ताणली जायची. त्यासाठी मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेले. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तिथे सतार-तानपुऱ्याचं काम सुरू केलं, त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली; 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका वयस्कर चाचांनी गिटार मांडीवर घेतली, एक डोळा मिटून मानेवरून बघितलं आणि म्हणाले, "दांडी सरळ आहे बेटा, तार वर बसलीय." मग तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवरच्या फटीत कागदाची पट्टी सरकवली. पट्टी आरामात गेली. जायला नको होती, तिथे केसाएवढीच फट हवी.

पुढचं काम बघण्यासारखं होतं. बारीक कानशीने दोन-तीनदा घासणं, तार परत खाचेत, पट्टी, कान जवळ. खाच त्यांनी हेडस्टॉकच्या बाजूला उतरती केली. तानपुऱ्याच्या घोडीवर ते याच्या बरोबर उलट करतात: तिथे तार रुंद, किंचित गोलाईच्या पृष्ठभागाला घासत सुटावी लागते, त्यातूनच जवारी (ती झणझणती गुंज) बोलते. गिटारच्या नटवर तार पुढच्या कडेवरूनच सुटली पाहिजे, नाहीतर ओपन तार झणझणते. ते चाचांना सांगावं लागलंच नाही. "जवारी लावणाऱ्याला जवारी काढताही येते," एवढंच म्हणाले. खाचांत पेन्सिलचं शिसं घासून दिलं. त्यामुळे बेंडनंतर तार अडकत नाही आणि ट्यूनिंग जागेवर येतं.

घरी आल्यावर बाकीचं मी केलं. ट्रेमोलो (ब्रिज हलवून स्वर डोलवणारा दांडा) मला लागत नाही, म्हणून मागच्या स्प्रिंगचे स्क्रू आवळून ब्रिज बॉडीला टेकवला. बाराव्या फ्रेटवर सहावी तार 2 मिलिमीटर, पहिली दीड. मग इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने येणारा स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवायचा, दाबलेला चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे. तिसऱ्या तारेने सगळ्यात जास्त वेळ घेतला.

सध्या

ट्यूनिंग दोन दिवसांच्या सरावात टिकतं. सातव्या फ्रेटवर, तिसऱ्या तारेवर पूर्ण स्वराचा बेंड आता लागतो, पण वर गेल्यावर व्हायब्रॅटो अजून हलतो, तिथेच रोज अर्धा तास देते आहे. पाऊस संपून हवा कोरडी झाली की मान थोडी हलेल, तेव्हा सातव्या फ्रेटवरची फट पुन्हा मोजून ट्रस रॉड पाव फेऱ्याच्या आत लावेन. ब्रिजचा हंबकर बदलायचा विचार दिवाळीनंतर. कोणी 012 मध्ये बदलला असेल, तर बॉडीतल्या पिकअपच्या पोकळीची खोली किती मिळाली ते जरूर कळवा.