या आठवड्यातले चार सिनेमे, आणि कट कुठे पडतो

सोमवार

‘कोर्ट’ (२०१४) पुन्हा पाहिला. चैतन्य ताम्हाणेंचा हा सिनेमा संथ आहे अशी तक्रार कायम ऐकू येते. मला ती पटत नाही. एरवी संवाद संपला की कट पडतो, म्हणजे ते चित्र तोडून पुढचं येतं. इथे कामकाज आटपून माणसं उठली तरी कॅमेरा खोलीतच असतो. तो मागे ठेवलाय, बाकांसकट अख्खी खोली दिसेल इतका मागे. त्यामुळे शाहीर नारायण कांबळेच्या खटल्यासोबत बाकीचं कोर्टही दिसतं: तारखेसाठी ताटकळलेले लोक, फायलींचे गठ्ठे, बिनबाह्यांचे कपडे घालून आली म्हणून जिची केस त्या दिवशी ऐकलीच जात नाही ती बाई. क्लोज-अप घेतले असते तर ही सगळी माणसं चौकटीबाहेर गेली असती आणि सिनेमाचा जीवही त्यांच्याबरोबर गेला असता.

पाहताना न्यायाधीशांच्या डिक्टेशनकडे कान ठेवा. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो, न्यायाधीश ते इंग्रजीत, स्वतःच्या शब्दांत टाइप करणाऱ्याला सांगतात, आणि रेकॉर्डवर जातं ते हे दुसरं. गटारात उतरून मेलेल्या वासुदेव पवारची बायको साक्षीत सांगते, की तो उतरण्याआधी आत खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा. जो माणूस उतरण्याआधी झुरळांची वाट पाहतो त्याला जगायचं असतं. शाहिराच्या गाण्यामुळे त्याने जीव दिला, हा आरोप तिथेच गळून पडतो. तरी दिग्दर्शक संगीत वाजवून ते ठसवत नाही. पुढचा प्रश्न येतो, सरकारी वकील कागद उलटतात. उन्हाळ्याची सुट्टी लागते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो आणि बरेच जण इथे उठतात. उठू नका. न्यायाधीशांची सहल अजून बाकी आहे.

मंगळवार

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८). कितव्यांदा ते मोजण्यात अर्थ नाही. कॅमेरा इथेही उगाच हलत नाही, मात्र कारण वेगळं आहे. फसलेला माणूस आणि फसवणारा, दोघं एकाच चौकटीत असले की हशा येतो. एकाचं बोलणं आणि दुसऱ्याचा चेहरा असे तुकडे पाडले की वेळेचं गणित संकलकाच्या हाती जातं. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे मात्र रंगभूमीवर मुरलेले, त्यांना ते स्वतः सांभाळता येतं. बाईचं सोंग घेतलेली बेर्डेंची पार्वती बोलत असताना एकदा फक्त सराफांकडे पाहा. काम ऐकणाराच करतोय.

एक सूचना. जुन्या सिनेमांच्या काही प्रती रुंद पडदा भरावा म्हणून वरून-खालून कापलेल्या असतात. डोकी कपाळापर्यंतच दिसत असतील तर ती प्रत सोडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या तरी चालतील, विनोदाला अख्खा देह दिसावा लागतो.

गुरुवार

‘तुंबाड’ (२०१८), दिग्दर्शक राही अनिल बर्वे. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण करून देतं, गोष्टीचा तिच्याशी संबंध नाही. याची भीती मला फार आवडते, कारण ती नियमांवर उभी आहे: पिठाचं रिंगण, कणकेची बाहुली, हस्तर हा शापित देव ती खाईपर्यंत हाती लागतील तेवढ्या मोहरा. शेवटी घोळ होतो तोही त्याच नियमाने. बाहुल्या वाढवल्या की खाणारेही वाढतात. भयपटात ऐन वेळी नवा नियम काढला की भीती उतरते, इथे तसं होत नाही.

पंकज कुमार यांचं छायाचित्रण मात्र घरच्या टीव्हीवर हमखास मार खातं. कंदील आणि पाऊस, एवढ्यावर प्रसंगच्या प्रसंग चालतात. दिसत नाही म्हणून आपण ब्राइटनेस वाढवतो, मग काळा रंग राखाडी होतो आणि वाड्याचा खोलपणाच नाहीसा होतो. त्याऐवजी बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, वाढवा, खोलीतले दिवे घालवा. ‘व्हिव्हिड’ मोड बंद करा, त्यात कंदिलाचा पिवळा उजेड निळसर पडतो. मोशन स्मूदिंगही बंद हवं: सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून भरतो आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसू लागतं.

रविवार

‘फँड्री’ (२०१३). नागराज मंजुळेंच्या या सिनेमातला डुक्कर धरण्याचा प्रसंग. शाळकरी जब्याचं सगळं कुटुंब धावतंय, गाव कडेला बसून हसतंय, डुक्कर आता सापडणार, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो. मग बापही. डुक्कर त्यांच्यासमोरून चालत जातं.

‘कोर्ट’मध्ये शॉट किती धरायचा हे दिग्दर्शक ठरवतो. इथे तसं वाटतच नाही. राष्ट्रगीत पूर्ण म्हणायला ५२ सेकंद लागतात हे आपल्याला शाळेपासून अंगवळणी पडलेलं आहे, त्यामुळे ही माणसं आधी हलणार नाहीत हे आपण पाहतानाच जाणतो. थिएटरात बसलेला प्रेक्षकही उठावं की नाही, या पेचात सापडतो. पाठलागाच्या वेगानंतरची ही स्तब्धता मला शेवटच्या दगडाहून जड वाटते. दगड आपल्या रोखाने येतो, पडदा काळा होतो, आपण दचकून मोकळे होतो. राष्ट्रगीताच्या वेळी तशी सुटका नाही. ते संपतं आणि बापलेकांना तेच डुक्कर पुन्हा पहिल्यापासून हुडकावं लागतं.