धुऱ्यावरच्या घायपाताचं गणगोत

मोठेबाबांनी ग्लास नाकाशी नेला, ओठाला न लावताच खाली ठेवला आणि म्हणाले, "याले तं तुराट्यावर भाजलेल्या वांग्याचा वास येऊन राहिला बे."

भाचा खट्टू झाला. तो मुंबईच्या एका हॉटेलात बार सांभाळतो. संक्रांतीला यवतमाळकडच्या आमच्या गावी येताना स्वेटरात गुंडाळून तीन बाटल्या घेऊन आला होता. त्यातली मुख्य मेझकाल ही दारू, मेक्सिकोच्या वाहाकाकडची. तिथं अगावेची पाती छाटून मधला गड्डा काढतात. जमिनीत खड्डा करून लाकडांवर दगड तापवतात, त्यावर गड्डे रचतात आणि वरून माती ओढून देतात. काही दिवस ते आतल्या आत धुमसतात. धुराला बाहेर वाट नाही, म्हणून तो गड्ड्यातच मुरतो. गोवऱ्यांच्या आरात रोडगे पुरणाऱ्या माणसाला यात समजावून काय सांगायचं? मोठेबाबांनी ते एका हुंगण्यात ओळखलं होतं.

आणि अगावे म्हणजे तरी कोण? आपल्या धुऱ्यावरच्या घायपाताचंच गणगोत. आपण पात्यांचा वाख काढून कासरे वळले, त्यांनी गड्डा भाजून दारू काढली. घायपाताला जन्मात एकदाच विजेच्या खांबासारखा दांडा फुटतो, फुलतो आणि झाड वाळून जातं. मेझकालवाले वर्षानुवर्षं थांबतात आणि नेमका तो दांडा वर निघायच्या बेतात कापून टाकतात. फुलासाठी साठवलेली साखर मग गड्ड्यातच राहते. लहानपणी त्या काट्यांनी माझी पोटरी कितीदा फाडली, पण आत एवढी साखर आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरी बाटली हिरवी शार्त्रूझ. फ्रान्समधले मौन पाळणारे साधू १३० वनस्पती घालून ती करतात. मद्यार्क ५५ टक्के, म्हणजे काढा म्हणून चमचाभर घेतला तरी कान तापावेत. तिसरी इटलीची फ्रांजेलिको, हेझलनटची. तिची बाटलीच साधूच्या आकाराची, कमरेला दोरी बांधलेली. एक खरा साधू, एक काचेचा, आणि दोघांच्या मधे आमचा घायपातवाला!

भाच्याला या तिन्हींचं मिळून कॉकटेल करायचं होतं. मापाला खोकल्याच्या औषधाचं झाकण घेतलं, १० मिलीची खूण असलेलं. फिरकीचा स्टीलचा डबा, किराणा दुकानातून आणलेला बर्फ, चहाची गाळणी. पहिल्या खेपेला भाच्यानं तिन्ही सारखं ओतलं, लिंबू नावाला. चव लागली बुडाला लागलेल्या बासुंदीसारखी. शार्त्रूझ आणि फ्रांजेलिको दोन्ही गोड, त्यात हेझलनट दाट; धूर बिचारा त्या गोडाखाली दबून कडवट झाला. मी म्हटलं, "अरे, फोडणीत हिंग कोणी वाटीनं घालतं का?"

दुसऱ्या खेपेला मेझकाल साडेचार झाकणं, शार्त्रूझ दीड, फ्रांजेलिको एकच, आणि सांदवाडीतल्या कागदी लिंबाचा रस दोन. डबा हाताला चटके देण्याइतका गार होईपर्यंत हलवला. आता जमलं. आधी धूर आला, मग निरगुडीचा पाला चुरडल्यासारखा उग्र हिरवा वास, आणि घोट उतरल्यावर मागाहून चारोळी चावल्यासारखं काहीतरी. लिंबानं सगळ्यांना एका पंगतीत बसवलं.

मोठेबाबांनी मात्र ग्लास पुन्हा उचललाच नाही. त्यांनी फ्रांजेलिकोची बाटली उजेडात धरली, साधूच्या कमरेची दोरी सोडली आणि दोन बोटांत पीळ उलगडून पाहिला.

"सुताची आहे," ते म्हणाले. "वाखाची पाहिजे होती."

रिकाम्या बाटलीत काकूनं आता जवसाचं तेल भरून ठेवलंय. दोरी गोठ्यात कालवडीच्या गळ्यातल्या घंटीला आहे.