संक्रांतीचा पतंग घरीच

आज नाशिकच्या थंडीत गच्चीवर मुलांसोबत पतंगांचं काम. ४५ सेंमीचा चौकोनी ताव, कर्णाएवढी (६४ सेंमी) उभी कामटी, कमानीला साधारण ७४ सेंमीची.

सगळी मेहनत कमानीवर घ्या. कामटी मधोमध बोटावर तोलायची. जी बाजू झुकेल तीच काचेच्या तुकड्याने तासायची (हे काम मोठ्यांनीच करावं). बांबूचं पेर एका अंगाला आलं तर कमान वाकडी वळते आणि पतंग कायम त्याच बाजूला गोते खातो. मग दुसऱ्या टोकाला कागदाची गुंडाळी बांधावी लागते.

खळ मैद्याची, पातळ. जाड लावली की ताव सुरकुततो, सकाळच्या गारठ्यात वाळतही नाही.

कणी (पतंगाला बांधायचा दुपदरी दोरा, ज्याला उडवायचा दोरा जोडतात) बांधताना वरचा दोरा खालच्यापेक्षा बोटभर आखूड ठेवा.

आणि दोरा सुतीच. नायलॉन मांज्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे. तो तुटत नाही, झाडात अडकून राहतो, पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापतो. येवल्यात भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस पतंग उडतात. तिथली आसारी (दोरा गुंडाळायचं साधन) हातात घेतली की चक्री नकोशी वाटते, इतका भरभर दोरा गुंडाळला जातो.