सात चिंचोके

पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या शाळापूर्व तयारी मेळाव्यात सात टेबलं मांडतात. दोरीवरून चालणं, कागद फाडून चिकटवणं, चित्र बघून बोलणं, हे सगळं पालक कौतुकाने बघतात. गणनपूर्व तयारीचं टेबल मात्र घाईत उरकतं. मुलाने अंक म्हटले की स्वयंसेवक खूण करून मोकळा.

एप्रिलमध्ये त्या टेबलावर मी होते. तालुक्याच्या खासगी केजीत जाणारा साडेपाच वर्षांचा मुलगा आजीबरोबर आला. एक ते पन्नास एका दमात म्हणाला, टाळ्या पडल्या. मी चिंचोक्यांची वाटी पुढे केली, "यातले सात दे." त्याने मूठभर दिले. मग सात चिंचोके ओळीत मांडून मोजायला सांगितले. तोंड पुढे, बोट मागे, नऊवर थांबला. एकेक चिंचोका बाजूला सरकवत मोजून घेतलं तेव्हा सात आले. "मग किती आहेत?" विचारलं, तर परत एकपासून सुरुवात.

शेवटी म्हटलेला अंक म्हणजेच त्या ढिगाची संख्या, हे त्याच्या डोक्यात अजून बसलेलं नव्हतं.

"बाई, शंभरापर्यंत लिहितो की तो!" आजी म्हणाल्या. लिहितो, खोटं नाही. चौकटीच्या वहीत गिरवून घेतलंय. पण गिरवणं हा या कामातला शेवटचा टप्पा. आधी जोड्या: प्रत्येक वाटीत एक चमचा. मग कमी-जास्त. मग पाचपर्यंत मोजून देणं, नंतर दहापर्यंत. त्यातही 'मोज' सोपं आणि 'दे' अवघड, कारण देताना कुठे थांबायचं ते लक्षात धरावं लागतं. मोजलेले बाजूला सरकवले नाहीत की तेच पुन्हा मोजले जातात. सात नीट यायला लागले की ओळ पांगवून विचारायचं, आता किती? मूल न मोजता "सातच" म्हणालं, तर समजलं.

माझ्या अंगणवाडीतली एक मुलगी बारानंतर अडखळते, पण पांगवलेल्या चिंचोक्यांना तिने "सातच हायत" म्हटलं. तिला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मुलाला काय येतं ते नोंदवायच्या विकासपत्रावर मी त्या मुलापुढे 'मदतीने करतो' लिहिलं. गुरुजींना पटलं नाही, "पन्नासपर्यंत येणारं पोरगं, कमी कशाला दाखवता?" पत्रकं वर जातात तेव्हा चांगलीच दिसली पाहिजेत, हे सगळ्यांना ठाऊक.

आजींना सुट्टीसाठी एवढंच सांगितलं: वही बंद. जेवायला जितकी माणसं, तितकी ताटं त्याला मांडू द्या, "पाच कांदे आण" म्हणा, आणले की "किती आणलेस?" विचारा. चुकलं तर रागवू नका, शेजारी बसून सरकवून मोजा.

जूनच्या मेळाव्यात त्याने सात मोजून दिले आणि "किती?" म्हटल्यावर लगेच "सात" म्हणाला. बारा मागितले तर हात थांबलाच नाही. पत्रकात यासाठी रकाना नाही; समासात पेन्सिलीने लिहून दिलंय. पहिलीच्या वर्गात ते कोणी वाचलं का, अजून कळलेलं नाही.